हाकेपासून खाटेपर्यंत : नागपुरातील १०८ रुग्णवाहिकेचे काम

१०८ क्रमांकावर बोलावलेली रुग्णवाहिका नागपुरात येऊन थांबली की तिच्यातून दोन माणसे उतरतात. एक डॉक्टर आणि दुसरा चालक. चालकाला या सेवेत ‘पायलट’ म्हणतात आणि स्ट्रेचरचे दुसरे टोक त्यालाच उचलावे लागते. डॉक्टर बहुधा आयुर्वेद, युनानी किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो आणि आपत्कालीन उपचारांचे वेगळे प्रशिक्षण घेऊन या कामावर आलेला असतो. फोनवरची हाक घेणे, घटनास्थळी पोहोचणे, रुग्णाची अवस्था जोखणे, वाटेत त्याला सांभाळणे आणि दवाखान्यातील खाटेपर्यंत नेऊन सोपवणे एवढे या दोघांचे काम. त्यातली प्रत्येक पायरी ठरलेली असते. एक पायरी गाळली तर तिची किंमत पुढच्या पायरीवर मोजावी लागते.

सेवेची घडण

रुग्णवाहिका हे फार काळ केवळ वाहतुकीचे साधन होते. रुग्णाला आडवे करायचे, गाडी पळवायची आणि उपचार दवाखान्यात पोहोचल्यावर सुरू करायचे, असा तिचा वापर होता. हे चित्र १९६० च्या दशकात बदलू लागले. १९६६ मध्ये बेलफास्ट येथे डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी हृदयविकाराच्या रुग्णांसाठी डीफिब्रिलेटर बसवलेली गाडी रस्त्यावर आणली. १९६७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात ‘फ्रीडम हाउस’ ही सेवा उभी राहिली. डॉ. पीटर साफर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील कृष्णवर्णीय वस्तीतील तरुणांना प्रगत प्रथमोपचार शिकवले गेले आणि आजच्या पॅरामेडिक या पेशाचा पाया तेथे घातला गेला. पुढे जगात दोन रीती रुळल्या. फ्रान्ससारख्या देशांत गंभीर रुग्णाकडे गाडीतून डॉक्टरच जातो. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये प्रशिक्षित पॅरामेडिक जातो आणि ठरवून दिलेल्या नियमावलीनुसार उपचार करतो.

भारतात १०८ क्रमांकाची सेवा २००५ मध्ये हैदराबादेत सुरू झाली आणि पुढे बहुतेक राज्यांनी ती स्वीकारली. त्या राज्यांत गाडीवर सहसा तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्राने २६ जानेवारी २०१४ रोजी ‘महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा’ सुरू केली, तेव्हा मात्र प्रत्येक गाडीवर डॉक्टर नेमण्याचे धोरण ठेवले. पॅरामेडिकचे शिक्षण देणारे अभ्यासक्रम तेव्हा राज्यात थोडे होते आणि आयुष शाखांचे पदवीधर भरपूर होते. त्यामुळे महाराष्ट्रात पॅरामेडिकची जागा मुख्यतः बीएएमएस, बीयूएमएस आणि बीएचएमएस डॉक्टरांनी भरून काढली. पदवीने ते डॉक्टर असले, तरी त्यांच्या हातचे काम जगभरचा पॅरामेडिक करतो तेच असते.

सुरुवातीला राज्यभर ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ ‘एएलएस’ म्हणजे प्रगत जीवरक्षक आणि ७०४ ‘बीएलएस’ म्हणजे मूलभूत जीवरक्षक. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख धरली, तर सरासरी १ लाख २० हजार लोकांमागे एक गाडी येते. दोन्ही प्रकारांत ऑक्सिजन, सक्शन यंत्र, स्ट्रेचर, स्पाइन बोर्ड आणि आवश्यक औषधे असतात. एएलएसमध्ये यांच्या जोडीला व्हेंटिलेटर, डीफिब्रिलेटर आणि हृदयाचे ठोके, रक्तदाब, ऑक्सिजन एकत्र दाखवणारा मॉनिटर असतो. २०२४ मध्ये राज्याने आखलेल्या नव्या आराखड्यात ही संख्या १,७५६ वर नेण्याचे ठरले. त्यात नवजात बालकांसाठीच्या गाड्या, दुचाकी आणि बोटींचाही समावेश आहे. गरोदर माता आणि तान्ह्या बाळांची ने-आण करणारी १०२ क्रमांकाची सेवा यापेक्षा वेगळी आहे. ती ठरलेल्या प्रवासासाठी असते, १०८ अवचित संकटासाठी.

नागपुरातील ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या शासकीय रुग्णालयांच्या फाटकांबाहेर खासगी व्हॅनही उभ्या असतात. केंद्र सरकारच्या ‘एआयएस-१२५’ या मानकाने रुग्णवाहिकांचे चार प्रकार ठरवले आहेत. पहिल्या उपचारासाठी पोहोचणारे वाहन, केवळ वाहतूक करणारी गाडी, मूलभूत जीवरक्षक आणि प्रगत जीवरक्षक. व्हॅनच्या छतावर दिवा असला म्हणजे तिच्यात उपचार मिळेलच असे नाही. व्हॅन ठरवणाऱ्या नातेवाइकांना हा फरक पुष्कळदा वाटेत कळतो.

पाळीची सुरुवात

पाळी साधारण बारा तासांची असते. गाडीचा थांबा ठरलेला असतो. शहरात तो एखाद्या दवाखान्याच्या किंवा चौकाच्या जवळ असतो, तालुक्यात ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात. पाळी बदलताना पहिला अर्धा तास तपासणीचा. पायलट डिझेल, टायरची हवा, ब्रेक, सायरन, दिवे, बॅटरी आणि एसी पाहतो. डॉक्टर मागच्या कप्प्यात शिरतो आणि यादी हातात धरून एकेका वस्तूला हात लावून खात्री करतो.

ही तपासणी नुसत्या नजरेने होत नाही. लॅरिंगोस्कोपचे पाते उघडून दिवा लागतो का ते बघावे लागते, कारण श्वासनलिकेत नळी घालायच्या क्षणी दिवा लागला नाही तर दुसरी संधी मिळेलच असे नाही. सक्शनच्या नळीवर बोट ठेवून ओढ जाणवते का ते पाहतात. हाताने श्वास देण्याची अंबू बॅग दाबून तिची झडप उघडते-मिटते का ते पाहतात आणि लहान मुलांचा मास्क जागेवर आहे याची खात्री करतात. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची मुदत वाचली जाते. डीफिब्रिलेटरचे पॅड सीलबंद असावे लागतात. अॅट्रोपिन, अॅड्रेनॅलिन, हायड्रोकॉर्टिसोन, डेक्स्ट्रोज, ऑक्सिटोसिन यांच्या कुप्या मोजून नोंदवल्या जातात.

सर्वांत जास्त हिशेब ऑक्सिजनचा. गाडीत सुटा वापरायचा ‘बी टाइप’ सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर त्यात सुमारे १,५०० लिटर वायू असतो. गंभीर रुग्णाला पिशवीच्या मास्कने मिनिटाला १५ लिटर दिला तर तो १०० मिनिटे पुरतो. मीटरचा काटा अर्ध्यावर असेल तर ५० मिनिटे. रामटेकहून नागपूर साधारण ५० किलोमीटर. वाटेत ट्रकांची रांग लागली, पुढे शहरातले सिग्नल लागले, तर ५० मिनिटे अपुरी पडतात. म्हणून काटा अर्ध्यावर दिसला की निघण्याआधी सिलिंडर बदलतात. सिलिंडर उघडायची चावी साखळीने बांधून ठेवलेली असते. लहानशी वस्तू, पण ती हरवली तर भरलेला सिलिंडरही निरुपयोगी.

हाक आणि पत्ता

नागपुरातून १०८ ला लावलेला फोन पुण्यात औंध येथील नियंत्रण कक्षात उचलला जातो. तेथील कर्मचारी नाव, ठिकाण, काय झाले, रुग्ण शुद्धीवर आहे का आणि श्वास घेतो आहे का, एवढे प्रश्न विचारतो. संगणकाच्या पडद्यावर जवळची मोकळी गाडी शोधतो आणि तिला कॉल देतो. पडद्यावर गाड्यांच्या जागा जीपीएसमुळे दिसतात. कक्षात डॉक्टरही बसलेले असतात. गाडीवरच्या डॉक्टरला औषधाबद्दल किंवा दवाखान्याबद्दल शंका आली तर तो त्यांच्याशी बोलतो.

कॉल मिळताच गाडीवरचा डॉक्टर फोन करणाऱ्याला उलट फोन लावतो. कामाचा सगळ्यात नाजूक भाग येथे असतो, कारण नागपूरच्या पत्त्यांना खाणाखुणांची सवय आहे. ‘बर्डीवर’ म्हणजे सीताबर्डी हे पुण्यातल्या माणसाला माहीत असेलच असे नाही. ‘लोहापुलाच्या खाली’, ‘पाण्याच्या टाकीपाशी’, ‘हनुमान मंदिराच्या मागच्या गल्लीत’ हेच पत्ते मिळतात. एकाच नावाची गावेही असतात. पिपळा शहराच्या दक्षिणेलाही आहे आणि सावनेर तालुक्यातही एक पिपळा आहे, ज्याला डाकबंगला जोडून ओळखतात. त्यामुळे अनुभवी डॉक्टर तालुका, जवळचा मोठा रस्ता आणि एक ठळक खूण अशा तीन गोष्टी विचारतो आणि एखाद्या माणसाला रस्त्यावर येऊन हात दाखवायला सांगतो.

उलट फोनवर उपचारही सुरू होतो. बेशुद्ध माणसाला कुशीवर करा. तोंडात पाणी घालू नका. फिट आली असेल तर दातांत चमचा घालू नका, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून जोरात आणि भराभर दाबा. गाडी पोहोचेपर्यंतची मिनिटे अशी कारणी लागतात. हृदय थरथरत थांबले असेल तर शॉक देण्यास उशीर झालेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. त्यामुळे त्या वेळी जवळ उभा असलेला माणूस गाडीपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

घटनास्थळी

गाडी थांबल्यावर पहिला प्रश्न जागेच्या सुरक्षिततेचा असतो. विजेची तार पडली आहे का, टँकरमधून काही गळते आहे का, मागून वाहने येत आहेत का? महामार्गावर पायलट गाडी तिरकी उभी करतो, म्हणजे मागून धडक बसलीच तर ती रुग्णाला न लागता गाडीला बसते. मग हातमोजे चढतात.

तपासणीचा क्रम इंग्रजी मुळाक्षरांवर बसवलेला आहे आणि या पेशातल्या प्रत्येकाला तो पाठ असतो. प्रथम श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग मेंदूची स्थिती, शेवटी कपडे बाजूला करून सर्वांगाची पाहणी. भळाभळा रक्त वाहत असेल तर ते आधी थांबवायचे. क्रम मोडण्याचा मोह मोठा असतो. उघडे पडलेले हाड डोळ्यांत भरते आणि नातेवाईक तिकडेच बोट दाखवतात, पण जीव जातो तो घशात साचलेल्या रक्ताने. अपघातात मानेच्या मणक्याला इजा असू शकते असे धरूनच डोके स्थिर पकडतात, कॉलर बांधतात आणि अंग ओंडक्यासारखे एकसंध वळवून स्पाइन बोर्डवर घेतात. या एका हालचालीला चार हात कमीच पडतात. मग जमलेल्यांपैकी दोघांना जवळ बोलावून ‘मी तीन म्हटल्यावर’ असे सांगितले जाते.

मदत करणाऱ्यांना पूर्वी पोलीस चौकशीची धास्ती असे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने कायद्यात १३४-अ हे कलम आले, त्यामुळे जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. त्याच दुरुस्तीतील १९४-ई कलमानुसार रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

जखमी एकापेक्षा जास्त असतील तर कामाची रीत पालटते. नागपूरच्या अमरावती मार्गावर स्फोटके तयार करणारे कारखाने आहेत. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगाव येथील कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार मृत्युमुखी पडले, त्यांत सहा महिला होत्या. अशा ठिकाणी पहिल्या गाडीचा डॉक्टर एकाही रुग्णावर थांबत नाही. तो सगळ्यांमधून चालत जातो आणि रंग ठरवतो. तातडीचा तो लाल, थोडा थांबू शकेल तो पिवळा, चालता येणारा हिरवा, मृत तो काळा. ओरडणारा माणूस श्वास घेत असतो, त्यामुळे आधी शांत पडलेल्याकडे पाहावे लागते.

नागपूरचे ऋतू आणि त्यांचे रुग्ण

रुग्णवाहिकेचे काम ठिकाणागणिक बदलते. नागपुरात ते ऋतूंप्रमाणे बदलते.

मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. रोहिणी नक्षत्र लागल्यावरच्या नवतपाच्या दिवसांत दुपारी रस्ते ओस पडतात, तेव्हा उष्माघाताचे कॉल वाढतात. बांधकामावरचे मजूर, रिक्षावाले, हमाल आणि घरात एकटे राहणारे वृद्ध हे नेहमीचे रुग्ण. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध आणि शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले तर तो उष्माघात. येथे ‘आधी गाडी पळवा’ हा नियम लागू पडत नाही, आधी अंग थंड करावे लागते. कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडतात, वारा घालतात आणि मान, बगला व जांघांत बर्फाच्या पिशव्या ठेवतात. शुद्ध हरपलेल्याला कांद्याचा रस किंवा पन्हे पाजायला पुढे सरसावलेल्या शेजाऱ्याला थांबवावे लागते, कारण ते फुप्फुसात जाते. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि त्याच धर्तीवर नागपूरनेही पुढे आपला आराखडा तयार केला.

पावसाळ्यात कुही, भिवापूर, उमरेड, पारशिवनी या भातपट्ट्याकडून आणि जंगलालगतच्या गावांतून सर्पदंशाचे कॉल येतात. त्यांत मण्यार सर्वांत फसवी. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. जखम दिसत नाही, सूजही नसते. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होऊन खाली येतात, गिळता येत नाही आणि हळूहळू श्वास थांबतो. ‘रात्री जमिनीवर झोपला होता का?’ हा एक प्रश्न अशा वेळी निदान करून देतो. श्वास मंदावला तर दवाखाना येईपर्यंत अंबू बॅगने श्वास देत राहणे हाच उपचार. मिनिटाला दहा-बारा वेळा, तासभरही. घोणस चावली असेल तर सूज आणि रक्तस्राव दिसतो. दोन्हीत पट्टी आवळणे, जखम कापणे, विष चोखणे हे सगळे टाळायचे आणि अंग हलू न देता न्यायचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष चालते. शक्य असेल तेथे जवळच्या आरोग्य केंद्रात ते सुरू करून मगच नागपूर गाठतात. फवारणीच्या दिवसांत त्यात विषबाधेची भर पडते. तोंडाला फेस, टाचणीएवढ्या झालेल्या बाहुल्या आणि मंद नाडी दिसली की अॅट्रोपिनची कुपी हातात येते. रुग्णाचे कपडे काढून अंग धुतात, नाहीतर कप्प्यात बसलेल्या डॉक्टरलाही बाधा होऊ शकते.

सिकलसेल हा विदर्भाच्या घराघरांत शिरलेला आजार. नागपुरातील शुक्ला आणि सोळंकी या संशोधकांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली होती. या आजारात लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडी, ताप, पाण्याची कमतरता किंवा श्रम यांनी वेदनेचा झटका येतो. हाडे ठणकणारा तरुण रुग्ण ‘नाटक करतो’ असे बाहेरच्याला वाटू शकते. गाडीवरचा नागपूरकर डॉक्टर मात्र आधी त्याचे सिकलसेलचे कार्ड मागतो, ऑक्सिजनची पातळी पाहतो, सलाईन लावतो, अंगावर पांघरूण घालतो आणि छातीत दुखते का ते विचारतो. छातीत दुखत असेल तर धोका मोठा.

विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. तेथे उभ्या गाड्यांकडे रात्रभरच्या प्रवासाने गळालेले, साखर उतरलेले, रक्तदाबाच्या गोळ्या घरी विसरलेले लोक आणले जातात. डिसेंबरातील विधिमंडळाच्या अधिवेशनात मोर्च्यांच्या मार्गावर गाड्या ठेवल्या जातात. महामार्गावरचे अपघात मात्र बाराही महिने. राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ नागपुरात एकमेकांना छेदतात. जवळच्या शिवमडक्यापासून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सुरू होतो. त्याचा शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ याच मार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. वेगवान मार्गावर गाडी लवकर पोहोचते, पण धडकही मोठी असते आणि दुभाजकाच्या पलीकडे पडलेल्या जखमीपर्यंत जायला पुढचा इंटरचेंज गाठून वळावे लागते.

धावत्या गाडीत

दरवाजा लागला की डॉक्टर एकटा असतो. सोबत एकच नातेवाईक घेतात, तोही शक्यतो पायलटशेजारी बसवतात. दर काही मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन आणि शुद्धीची पातळी कागदावर चढते. हात स्ट्रेचरच्या दांड्यावर आणि पाय कप्प्याच्या भिंतीला टेकवून सुई लावायचे कसब सरावाने येते. अनेकदा शीर सापडली की डॉक्टर पुढच्या खिडकीवर टकटक करतो आणि पायलट अर्धे मिनिट गाडी संथ ठेवतो.

छाती दाबण्याचे काम धावत्या गाडीत सर्वांत अवघड. मोठ्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची असते आणि दर तीस दाबांमागे दोन श्वास द्यायचे असतात. वळणावर तोल जातो, खड्ड्यात दाब उथळ पडतो आणि दाबणाऱ्याने पट्टा लावलेला नसतो. म्हणून असा रुग्ण असेल तेथेच आधी पूर्ण प्रयत्न करावेत, अशी शिकवण आहे. भोवतीच्या गर्दीला मात्र गाडी थांबलेली पाहवत नाही. ‘अजून निघाले कसे नाही?’ हा प्रश्न खिडकीतून येतोच.

बाळंतपण वाटेत झाले तर पायलट गाडी कडेला घेतो. बाळ कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात, किमान एक मिनिट थांबून नाळ बांधतात आणि आईला ऑक्सिटोसिनचे १० युनिट स्नायूत देतात. मग पोटावरून गर्भाशय चोळून ते घट्ट झाल्याची खात्री करतात. बाळ रडले म्हणजे काम संपले असे वाटते, पण बाळंतिणीला धोका असतो तो त्यानंतरच्या रक्तस्रावाचा.

कोणता दवाखाना?

जवळचा दवाखाना योग्य असतोच असे नाही. नागपुरात १९४७ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे ‘मेडिकल’, तेथे ट्रॉमा केअर सेंटर आहे. रेल्वे स्थानकाजवळचे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे ‘मेयो’. बाळंतपणासाठी डागा रुग्णालय. हृदय आणि मेंदूच्या काही रुग्णांसाठी मेडिकलचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय. वर्धा मार्गावर मिहानमध्ये एम्स. तिचे लोकार्पण समृद्धीच्या पहिल्या टप्प्याबरोबर एकाच दिवशी झाले.

निवड वेळेवर ठरते. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते असे दिसले की ‘शेवटचा धडधाकट कधी पाहिला?’ हा प्रश्न विचारून ती वेळ लिहितात आणि सीटी स्कॅन असलेलाच दवाखाना गाठतात. छातीत दुखत असेल तर ईसीजी काढतात, अॅस्पिरिन चघळायला देतात आणि अँजिओप्लास्टी होईल तेथे नेतात. नातेवाइकांनी खासगी दवाखाना सुचवला तर तेथे खाट आहे का हे फोनवर विचारून मगच गाडी वळवतात. २०२५ मध्ये केंद्राने लागू केलेल्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत उपचार रोख न भरता मिळण्याची तरतूद आहे. त्यामुळे अपघातात या निवडीतला पैशांचा प्रश्न काही अंशी मागे सरतो.

सुपूर्द करणे

कॅज्युअल्टीच्या दारात रुग्ण ठेवून गाडी परत फिरत नाही. गाडीवरचा डॉक्टर ड्युटीवरच्या डॉक्टरला अर्ध्या मिनिटात सांगतो : रुग्णाचे वय, काय झाले, कधी झाले, काय आढळले, काय दिले, त्यानंतर काय बदलले. ‘मॅडम, पंचेचाळीसचा पुरुष, दुचाकी आणि ट्रक, अर्ध्या तासापूर्वी. डाव्या मांडीचे हाड, बीपी नव्वद, एक सलाईन संपली, वाटेत शुद्ध कमी झाली.’ यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे, कारण वाटेत काय बदलले हे फक्त त्यालाच माहीत असते. मग अहवालाच्या कागदावर सही होते. त्यावर कॉल आल्याची, निघाल्याची, पोहोचल्याची, रुग्ण घेतल्याची आणि दवाखान्यात सोपवल्याची वेळ मिनिटासह असते. अपघात, मारहाण, विषबाधा किंवा भाजणे असेल तर दवाखाना ‘एमएलसी’ म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण नोंदवतो, आणि मग हाच कागद पुढे न्यायालयात जाऊ शकतो. म्हणून कापलेला शर्टही फेकत नाहीत, पिशवीत घालून देतात. सामानाच्या पावतीवर अंगठी, पाकीट, मोबाइल लिहून नातेवाईक किंवा पोलिसाची सही घेतात.

खाट रिकामी नसेल तर स्ट्रेचर अडकते. गाडीचे स्ट्रेचर रुग्णाखाली असेपर्यंत गाडी ‘उपलब्ध’ होत नाही, आणि तेवढ्या वेळात तिच्या भागातला पुढचा कॉल लांबच्या गाडीला जातो.

कामाचा भार

काही कॉल उपचाराचे नसतातच. पोहोचेपर्यंत माणूस गेलेला असतो, अंग ताठरलेले असते. १०८ मृतदेह नेत नाही, त्यासाठी शववाहिका बोलवावी लागते. पण अंगणात जमलेल्या माणसांना हे सांगणे कठीण. अनुभवी डॉक्टर तरीही आधी पूर्ण तपासणी करतो, ईसीजीची सरळ रेषा घरच्या जाणत्या माणसाला दाखवतो आणि मग बोलतो. बोलताना ‘गेले’ हा शब्द वापरावा, ‘काही करता येणार नाही’ असे अर्धवट वाक्य नको, कारण त्यातून आशा आणि राग दोन्ही उरतात.

हा राग अंगावरही येतो. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्ध कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. घटनास्थळी मात्र कायद्यापेक्षा उपयोगी पडते ती पायलटची सवय : गाडीचे तोंड निघायच्या दिशेला ठेवायचे आणि चावी खिशात घालायची.

बाकीचा भार हळूहळू साचतो. तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने उतरवलेल्या रुग्णांनी कंबर धरते. सुई टोचण्याचा धोका रोजचा. जेवण थांब्यावर उघडलेल्या डब्यात राहून जाते. दोघेही बहुधा कंत्राटी असतात, त्यामुळे पगारवाढ आणि नोकरीची शाश्वती हे विषय गाडीत नेहमी निघतात. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोगाच्या कायद्याने आपत्कालीन सेवेतील तंत्रज्ञांना देशपातळीवर ओळखीची आणि नोंदणीची चौकट दिली. महाराष्ट्रात मात्र गाडीवर डॉक्टर असल्याने हा पेशा आयुष पदवी आणि पॅरामेडिकचे काम यांच्या मधोमध उभा आहे. अनेक तरुण डॉक्टर दोन-तीन वर्षे काढून स्वतःच्या दवाखान्याकडे वळतात. पायलट बहुधा टिकतात, आणि नव्या डॉक्टरला वस्तीतले बोळ तेच दाखवतात.

पुन्हा थांब्यावर

रुग्ण सोपवल्यावर गाडी धुतली जाते. सांडलेल्या रक्तावर एक टक्का हायपोक्लोराइट ओतून काही मिनिटे ठेवतात, मग पुसतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनची नळी लाल पिशवीत, सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात जातात. स्ट्रेचरचे पट्टे, मॉनिटरच्या तारा आणि बीपीचा पट्टा पुसतात. ज्या कुप्या संपल्या त्या यादीत लिहून भरतात. पायलट सिलिंडरचा काटा पाहतो, हवा तर बदलून घेतो आणि चावी साखळीला अडकवतो.

मग डॉक्टर नियंत्रण कक्षाला कळवतो की गाडी मोकळी आहे. पुण्यातल्या पडद्यावर तिचा ठिपका पुन्हा ‘उपलब्ध’ दिसू लागतो.